नाव कोणाचे, बदल कोणाचा? : आज्ञावलीतील सामाईक स्ट्रिंगचा इतिहास

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा व विक्रमगड हे आठ तालुके नव्या जिल्ह्यात गेले. मीरा-भाईंदर मात्र ठाणे जिल्ह्यातच राहिले. भाईंदर स्थानक सोडून विरारकडे जाणारी लोकल खाडीवरील पूल ओलांडून नायगावात शिरते तेव्हा प्रवाशाचा जिल्हा बदलतो. पिनकोडचे पहिले तीन अंक मात्र बदलत नाहीत. भाईंदर पश्चिम ४०११०१, मीरा रोड ४०११०७ आणि वसई ४०१२०१ हे तिन्ही क्रमांक ४०१ नेच सुरू होतात.

आता या परिसरातील एखाद्या महाविद्यालयाची विद्यार्थी-नोंद करणारी आज्ञावली डोळ्यांसमोर आणावी. खाडीच्या दोन्ही तीरांवरून विद्यार्थी येतात. शेकडो नोंदींत 'ठाणे' हाच शब्द पुन:पुन्हा साठविण्याऐवजी आज्ञावलीकाराने तो संगणकाच्या स्मृतीत एकदाच ठेवला आणि प्रत्येक नोंदीत केवळ त्याचा पत्ता लिहिला. २०१४ पर्यंत सर्व काही सुरळीत चालते. त्यानंतर एक दिवस लिपिक वसईच्या एका विद्यार्थिनीचा जिल्हा दुरुस्त करून 'पालघर' असे लिहितो. आज्ञावली नवा शब्द वेगळ्या जागी न ठेवता जुन्या शब्दाची अक्षरेच बदलते. त्या क्षणी भाईंदर, नवघर, काशीमीरा, घोडबंदर येथील सर्व विद्यार्थी पालघर जिल्ह्याचे रहिवासी होतात. त्यांच्या नोंदींना कोणी हात लावलेला नसतो. संगणक चुकीची सूचना देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीही चुकलेले नसते. शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो तेव्हाच ही गोष्ट उघडकीस येते, आणि तोवर मूळ कृतीचा माग लागणे कठीण झालेले असते.

अन्य विषयांच्या प्राध्यापकांसाठी येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. संगणकात मजकुराला स्ट्रिंग म्हणतात; ती अक्षरांची माळ होय. ही माळ जेथे ठेवली असेल त्या जागेच्या पत्त्याला संदर्भ म्हणतात. एका माळेचे अनेक संदर्भ असू शकतात. तिला सामाईक स्ट्रिंग म्हणता येईल. माळेतील अक्षरे जागच्या जागी बदलता येत असतील तर ती परिवर्तनीय होय. सामाईकपणा एकटा असेल तर निरुपद्रवी असतो. परिवर्तनीयताही एकटी असेल तर उपयोगाचीच. दोन्ही एकत्र आल्या की उपरोक्त दोष संभवतो. या दोषाकडे आपल्या वर्गांत एक तांत्रिक बारकावा म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचा इतिहास पाहिला असता तो बारकावा उरत नाही. वस्तू आणि तिचे नाव यांत आपण काय फरक मानतो, या प्रश्नाशी तो जोडलेला आहे. तो इतिहास थोडक्यात मांडणे हा या निबंधाचा हेतू होय.

अंकही बदलणारी भाषा

दोषाचा उगम स्ट्रिंगच्याही आधीचा आहे. आयबीएमने १९५७ मध्ये ७०४ या यंत्रासाठी फोर्ट्रान भाषा उपलब्ध करून दिली. या भाषेत उपआज्ञावलीला मूल्य न देता त्याचा पत्ता दिला जात असे. एखाद्याने ४ हा अंकच उपआज्ञावलीला दिला आणि तिने आपल्या चलाची किंमत वाढविली, तर सुरुवातीच्या काही कंपायलरांत त्या जागी ठेवलेला ४ हाच ५ होऊन बसे. पुढे आज्ञावलीत जेथे जेथे ४ लिहिले असेल तेथे तेथे ५ वापरले जाई. त्या पिढीतील आज्ञावलीकार ही गोष्ट विनोद म्हणून सांगत. ज्याच्या वाट्याला ती येई त्याला मात्र ती विनोदी वाटत नसे.

मुंबईशी या भाषेचा संबंध जुना आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि त्यावर शास्त्रज्ञांच्या व अभियंत्यांच्या एका पिढीने फोर्ट्रान आत्मसात केली. तेव्हाचे काम प्रामुख्याने आकडेमोडीचे होते, मजकुराचे नव्हे. त्यामुळे मजकूर सामाईक ठेवल्याचे दुष्परिणाम आपल्याकडे व्यापक प्रमाणावर अनुभवास आले ते पुढे, कार्यालयांत आणि महाविद्यालयांत छोटे संगणक पोहोचल्यानंतर.

त्याच सुमारास अमेरिकेत दोन वेगळ्या वाटा फुटल्या होत्या. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये आरंभिलेल्या लिस्प भाषेत याद्यांचे भाग अनेक ठिकाणी सामाईक असत आणि ते बदलताही येत. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत फार्बर, ग्रिसवोल्ड व पोलोन्स्की यांनी मजकुराच्या प्रक्रियेसाठी स्नोबॉल ही भाषा रचली. तीत स्ट्रिंग हे अंकासारखे एक मूल्य होते. ५ मध्ये १ मिळविल्याने ५ बदलत नाही, ६ हा दुसरा अंक मिळतो. तसेच शब्दाला अक्षर जोडले की दुसरा शब्द मिळे. ही कल्पना त्या काळी महाग होती, कारण प्रत्येक बदलाला नवी जागा लागे आणि जागा तर मोजकीच. म्हणून दीर्घकाळ ती मुख्य प्रवाहाबाहेर राहिली.

सी भाषा आणि आपल्या प्रयोगशाळा

मुख्य प्रवाह ठरविला तो सी भाषेने. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या आसपास घडविलेल्या या भाषेत स्ट्रिंग असा स्वतंत्र प्रकारच नाही. एकापुढे एक ठेवलेली अक्षरे आणि शेवटी शून्य, एवढेच तिचे स्वरूप. चल हाती धरतो तो पहिल्या अक्षराचा पत्ता. 'हे त्याला दे' असे म्हटले की अक्षरे जात नाहीत, पत्ता जातो. या काटकसरीमुळेच लहान यंत्रांवर युनिक्स चालू शकली हे मान्य करावयास हवे. मात्र तिची किंमत पुढील पिढ्यांनी मोजली.

या भाषेच्या ग्रंथालयातच त्या किमतीचे नमुने आढळतात. तारीख-वेळ मजकुरात रूपांतरित करणारे एएससीटाइम हे फंक्शन आपले उत्तर एकाच ठरावीक जागी लिहिते आणि तिचा पत्ता देते. दुसऱ्यांदा बोलाविले की पहिले उत्तर पुसले जाते. पहिल्याचा पत्ता जपून ठेवणाऱ्याच्या हाती दुसरेच उत्तर उरते. इंटरनेटचा पत्ता अक्षरांत देणारे आयनेट-एनटोए हे फंक्शनही असेच. दोन यंत्रांचे पत्ते एकाच ओळीत छापावयास सांगितले तर एकच पत्ता दोनदा छापला जातो, आणि नवशिका आज्ञावलीकार जाळ्यात दोष शोधीत बसतो. एकाच आज्ञावलीत अनेक कामे समांतर चालू लागली तेव्हा ही रचना अगदीच निरुपयोगी ठरली. १९९५ च्या पॉझिक्स मानकाने उत्तर कोठे लिहावयाचे ती जागा बोलाविणाऱ्यानेच पुरवावी अशा पर्यायी फंक्शनांची सोय केली.

आज्ञावलीत अवतरणचिन्हांत लिहिलेल्या मजकुराचा प्रश्न याहून नाजूक होता. आरंभीच्या सीमध्ये असा मजकूर बदलता येत असे. १९८९ च्या अमेरिकन मानकाने तो बदलण्याचा परिणाम अनिश्चित ठरविला आणि दोन ठिकाणचा समान मजकूर एकाच जागी ठेवण्याची मुभा कंपायलरला दिली. म्हणजे सामाईकपणा मान्य झाला, पण परिवर्तनावर अधिकृत बंदी आली. बंदी कागदावर होती. जुन्या आज्ञावल्या मोडू नयेत म्हणून जीसीसी या कंपायलरने असा मजकूर बदलू देणारा एक पर्याय पुढे बरीच वर्षे चालू ठेवला होता. तो २००५ मध्ये ४.० या आवृत्तीत काढून टाकण्यात आला. तात्पुरत्या फाइलला नाव देणारे एमकेटेम्प हे फंक्शन दिलेल्या मजकुरातच फेरफार करीत असल्याने त्याला अवतरणचिन्हांतील मजकूर देणाऱ्या अनेक जुन्या आज्ञावल्या कोसळत, असा इशारा जीसीसीच्या माहितीपुस्तिकेत स्वतंत्रपणे द्यावा लागला होता.

महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालयांत सी शिकली गेली ती बोरलँडच्या टर्बो सी या निळ्या पडद्यावर. डॉसवर चालणाऱ्या या कंपायलरात अवतरणचिन्हांतील मजकूर विनातक्रार बदलत असे, आणि समान मजकूर एकत्र करण्याचा एक पर्यायही त्यात होता. दोन्ही जुळून आले की एका ठिकाणी केलेला बदल दुसऱ्या ठिकाणी आपोआप दिसे. हीच आज्ञावली विद्यार्थ्याने लिनक्सवर नेली की ती तत्काळ कोसळे. विद्यार्थ्याचे अनुमान असे की लिनक्स वाईट आहे. वस्तुत: तेथे चूक पहिल्यांदा दिसली होती, एवढेच. टर्बो सीने आपल्या विद्यार्थ्यांना सी शिकविली हे खरे. तिने काही चुकांची सवयही लावली, हे आता तरी मोकळेपणाने म्हणावयास हरकत नाही.

येथे एक स्वानुभव नमूद करतो. सुमारे दोन दशकांपूर्वी एका महाविद्यालयात प्रवेशपत्रांची यादी छापण्यासाठी आम्ही सीमध्ये एक छोटी आज्ञावली लिहिली होती. फाइलमधून एकेक नाव वाचावयाचे, ते एका पेटीत घ्यावयाचे आणि पेटीचा पत्ता तक्त्यात नोंदवावयाचा, अशी तिची रचना. डॉट मॅट्रिक्स मुद्रकाने पाने सोडावयास सुरुवात केली तेव्हा साठही ओळींवर एकाच विद्यार्थिनीचे नाव होते. आसनक्रमांक बरोबर, विषय बरोबर, नाव मात्र एकच. फाइल बिघडली असावी अशा समजुतीने आम्ही रात्री ती दोनदा नव्याने टंकित करून घेतली आणि दोन्ही वेळा तेच फळ मिळाले. सकाळी प्रयोगशाळा सहायकाच्या लक्षात आले की छापले जाणारे नाव नेहमी फाइलमधील शेवटचेच असते. मग उलगडा झाला. तक्त्यात साठ नावे नव्हतीच. एकाच पेटीचे साठ पत्ते होते, आणि पेटीत शेवटी जे उरले ते साठ जणांच्या नावावर गेले. प्रत्येक नावाची स्वतंत्र प्रत करणे हा त्यावरील उपाय. तो करणारे स्ट्रडप हे फंक्शन युनिक्सच्या परंपरेत दीर्घकाळ होते, परंतु सी भाषेच्या अधिकृत मानकात ते आले ते सी-२३ या आवृत्तीत, म्हणजे भाषेच्या जन्मानंतर पन्नास वर्षांनी.

प्रस्तावनेतील उदाहरण सीमध्ये लिहिल्यास आणखी एक संकट उभे राहते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट घेते. 'ठाणे' या शब्दात ठ, काना, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे आहेत. म्हणजे बारा बाइट व अखेरचे शून्य मिळून तेरा. 'पालघर'ला पाच चिन्हांचे पंधरा व शून्य मिळून सोळा लागतात. तेरा बाइटांच्या जागेत सोळा कोंबले की शेजारच्या तीन बाइटांवर अतिक्रमण होते, आणि ते शेजारी कोणाचे, हे नशिबावर. इंग्रजीत मात्र 'बॉम्बे' आणि 'मुंबई' या दोन्ही नावांची रोमन अक्षरे नेमकी सहाच आहेत. तेथे जुन्याच्या जागी नवे अलगद बसते आणि कोणतीही खूण मागे राहत नाही.

बॉम्बेचे तीन संदर्भ

हे उदाहरण केवळ अक्षरसंख्येसाठी घेतलेले नाही. १९९५ मध्ये शहराचे इंग्रजी नाव अधिकृतपणे बदलले. विद्यापीठाचे इंग्रजी नाव बदलले ते त्यानंतर, १९९६ मध्ये. उच्च न्यायालयाचे इंग्रजी नाव मात्र 'बॉम्बे हायकोर्ट' असेच राहिले, आणि पवईच्या आयआयटीनेही जुनेच नाव कायम ठेवले. समजा, एखाद्या दप्तरात शहर, विद्यापीठ आणि न्यायालय या तिन्ही नोंदी एकाच 'बॉम्बे' या सामाईक स्ट्रिंगकडे बोट दाखवीत आहेत. १९९५ मध्ये तिच्यातील अक्षरे बदलली तर शहरापुरता बदल बरोबर, विद्यापीठापुरता अकाली आणि न्यायालयापुरता सर्वस्वी चूक ठरेल.

येथे एक आक्षेप संभवतो. शहराच्या हजारो पत्त्यांत नाव एकाच वेळी बदलावे, हे तर इष्टच आहे. मग सामाईकपणा दोषास्पद कसा? आक्षेप रास्त आहे आणि प्रश्नाचे मर्म त्यातच आहे. पत्त्यांना सामाईक असावयास हवे ते शहर, शहराच्या नावाची अक्षरे नव्हेत. शहर ही एक वस्तू आहे. तिला स्वत:ची ओळख आहे आणि काळानुसार तिचे नाव बदलू शकते. 'बॉम्बे' हा शब्द मात्र सहा रोमन अक्षरांखेरीज दुसरे काही नाही. तो बदलत नाही, त्याच्याऐवजी दुसरा शब्द वापरला जातो. वस्तूला संदर्भ द्यावा, शब्दाला मूल्य मानावे, हा भेद पाळला की न्यायालय आणि शहर एकमेकांत अडकत नाहीत. वसईच्या विद्यार्थिनीच्या बाबतीतही आज्ञावलीकाराने नोंद तालुक्याशी जोडली असती आणि तालुका जिल्ह्याशी, तर २०१४ मध्ये वसई तालुक्याचा जिल्हा एकदाच बदलून काम भागले असते व भाईंदर जेथल्या तेथे राहिले असते.

हा भेद भाषेच्या व्याकरणात आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर बार्बरा लिस्कॉव्ह यांच्याकडे जाते. एमआयटीमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लू ही भाषा रचली. तीत परिवर्तनीय आणि अपरिवर्तनीय असे प्रकारांचे स्पष्ट वर्गीकरण होते आणि स्ट्रिंग अपरिवर्तनीय गटात होती. उपआज्ञावलीला वस्तू देण्याच्या पद्धतीला त्यांनी दिलेले नाव 'वाटून घेणे' अशा अर्थाचे होते. सामाईकपणा लपविण्याऐवजी त्याला नाव दिले गेले, हे महत्त्वाचे. लिस्कॉव्ह यांना २००८ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. क्लू आपल्याकडे कोणी शिकविली नाही. तिच्या कल्पना मात्र आज प्रत्येक वर्गात निनावी वावरतात. पुढे १९९२ मध्ये वस्तूंच्या सामाईक संदर्भांविषयी काही संशोधकांनी एक टिपण प्रसिद्ध केले आणि त्याला चक्क 'जिनिव्हा करार' असे शीर्षक दिले. युद्धकैद्यांच्या वागणुकीचा तोल त्यांनी संदर्भांना लावला, यावरून त्या काळच्या आज्ञावलीकारांची मन:स्थिती ध्यानात यावी.

जावा : सुरक्षिततेचा प्रश्न

अपरिवर्तनीय स्ट्रिंग घराघरांत पोहोचली ती जावामुळे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉसलिंग यांच्या नेतृत्वाखाली घडलेली ही भाषा १९९५ मध्ये जाहीर झाली आणि तिची पहिली आवृत्ती १९९६ च्या आरंभी आली. परक्या ठिकाणाहून आलेली आज्ञावली आपल्या संगणकावर चालू द्यावयाची, हा जावाचा मूळ संकल्प. परकी आज्ञावली एखादी फाइल उघडण्याची परवानगी मागते. पहारेकरी फाइलचे नाव तपासतो व होकार देतो. आणि तपासणी व उघडणे यांच्या मधल्या क्षणात ती आज्ञावली नावातील अक्षरेच बदलते. स्ट्रिंग परिवर्तनीय असती तर हे शक्य होते. म्हणून जावात स्ट्रिंग एकदा घडली की बदलत नाही; मजकूर जुळवीत जावयाचा असेल तर त्यासाठी स्ट्रिंगबफर हा वेगळा प्रकार, आणि २००४ च्या पाचव्या आवृत्तीपासून त्याचा हलका भाऊ स्ट्रिंगबिल्डर.

ही भीती काल्पनिक नव्हती, हे लगेच सिद्ध झाले. १९९७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांना जावाच्या १.१.१ आवृत्तीत एक भगदाड आढळले. एखाद्या वर्गावर कोणाकोणाच्या डिजिटल सह्या आहेत हे सांगणारे फंक्शन सह्यांच्या यादीची प्रत देण्याऐवजी आतील मूळ यादीचाच पत्ता देत होते. परक्या आज्ञावलीने त्या यादीत विश्वासू व्यक्तीचे नाव लिहिले की तिला त्या व्यक्तीचे सर्व अधिकार मिळत. कुलूप भक्कम होते. मालकांची यादी मात्र दाराबाहेर पेन्सिलीने लिहिलेली होती. पुढच्या आवृत्तीत प्रत देऊन हा दोष दूर करण्यात आला.

अपरिवर्तनीयतेचीही किंमत असते. जावातील स्ट्रिंगमध्ये पासवर्ड ठेवला तर काम झाल्यावर तो पुसता येत नाही. म्हणून पासवर्डसाठी अक्षरांची परिवर्तनीय रांग वापरण्याचा सल्ला दिला जातो. तसेच मोठ्या मजकुराचा लहान तुकडा काढला असता तो मूळ मजकुराची जागाच वाटून घेई. सुरक्षितता अबाधित राही, परंतु दहा अक्षरांसाठी संपूर्ण पुस्तक स्मृतीत अडकून पडे. २०१२ मध्ये सातव्या आवृत्तीच्या एका सुधारणेत तुकड्याची प्रत करण्याची पद्धत आली. आपल्या प्रश्नपत्रिकांत 'स्ट्रिंग व स्ट्रिंगबफर यांतील फरक लिहा' हा प्रश्न इतक्या वेळा येतो की विद्यार्थी चार मुद्दे पाठच करतात. एक बदलता येते, एक येत नाही, असे उत्तर लिहून पूर्ण गुण मिळतात. का, हे मात्र कोणी विचारीत नाही.

फेरफार

या संदर्भात आपल्या महसूल दप्तराकडे पाहणे उद्बोधक ठरते. इंग्रजी महसुली परिभाषेत फेरफाराला म्युटेशन म्हणतात, आणि परिवर्तनीय या अर्थाचा संगणकशास्त्रातील म्यूटेबल हा शब्द त्याच लॅटिन धातूपासून आलेला आहे. हा केवळ शब्दांचा योगायोग आहे, परंतु पद्धतीची तुलना करण्याजोगी आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार जमिनीवरील हक्कात बदल झाल्याची वर्दी आली की ती प्रथम फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, क्रमांकासह लिहिली जाते. हितसंबंधितांना नोटीस दिली जाते. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. सक्षम अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच तिचा अंमल सातबाऱ्यावर होतो, आणि तोही जुने नाव खरवडून नव्हे; जुन्या नावाला कंस करून, नवे नाव लिहून व सोबत फेरफार क्रमांक नोंदवून. जमिनीची ओळख सर्वे क्रमांकाने टिकते, नावे मूल्यांसारखी येतात-जातात, आणि प्रत्येक बदलाला स्वत:चा क्रमांक असतो. १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदरसारख्या परिसरात, जेथे शेती व मिठागरांच्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,०९,३७८ नोंदली गेली, तेथे जुन्या नावाभोवतीचा कंस किती मोलाचा असतो हे सोसायटीच्या अभिहस्तांतरणासाठी कागद गोळा करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

सामाईक खातेदारांपैकी एकाच्या वारसाची नोंद करताना दुसऱ्याचे नाव चुकून कंसात गेले, तर ती प्रस्तावनेतील दोषाचीच आवृत्ती होय. फरक इतकाच की येथे फेरफार क्रमांकावरून मागे जाता येते. तुलना अर्थात फार ताणू नये. सातबाऱ्याचे ठरावीक काळाने पुनर्लेखन होत आले आहे आणि त्यात नजरचुकीला वाव राहतो. शिवाय आपल्या हाती येतो तो उतारा, म्हणजे प्रत. आणि प्रत काढल्या दिवसापुरतीच खरी. बँक ताजा उतारा मागते ती याचसाठी. सामाईक संदर्भात न मागितलेला बदल येऊन धडकतो, तर प्रतीत हवा असलेला बदलही पोहोचत नाही. आज्ञावलीकारही यांपैकी कोणता धोका पत्करावयाचा हेच ठरवीत असतो.

अलीकडची तडजोड

तिसरी वाट म्हणजे प्रत लांबणीवर टाकणे. प्रथम जागा वाटून घ्यावयाची आणि कोणी लिहू लागला तरच त्याला वेगळी प्रत द्यावयाची. सी++ च्या अनेक ग्रंथालयांनी ही युक्ती अवलंबिली. एकाच वेळी अनेक कामे चालू लागल्यावर 'आणखी कोण वापरतो आहे' याचा हिशेब ठेवणेच प्रतीपेक्षा महाग पडू लागले. २०११ च्या मानकाने ही युक्ती व्यवहारत: बाद केली आणि जीसीसीने २०१५ मध्ये पाचव्या आवृत्तीत स्ट्रिंगची रचना बदलली. त्याच वर्षी १५ मे रोजी रस्ट भाषेची पहिली स्थिर आवृत्ती आली. तिने प्रश्न मालकीच्या भाषेत मांडला : वाचणारे कितीही असोत, परंतु कोणी लिहीत असेल तर त्या काळात दुसरा कोणीही तेथे नसावा. हा नियम कंपायलर स्वत: तपासतो, मोडला तर आज्ञावली तयारच होत नाही. विद्यार्थ्यांना हा जाच वाटतो. प्रवेशपत्रांची ती रात्र आठवली की प्रस्तुत लेखकाला तो वाटत नाही.

सर्वांत बोधप्रद वाटचाल रुबीची. जपानमधील युकिहिरो मात्सुमोटो यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या भाषेत स्ट्रिंग परिवर्तनीय ठेवली गेली. तरीही कोशात किल्ली म्हणून स्ट्रिंग दिली तर रुबी तिची प्रत करून ती गोठविते. कारण किल्ली नंतर बदलली तर कोशातील नोंद हरवेल, हे रचनाकारांना ठाऊक होते. २०१५ अखेरच्या २.३ आवृत्तीत फाइलच्या माथ्यावर एक ओळ लिहून त्या फाइलमधील अवतरणचिन्हांतील सर्व मजकूर गोठविण्याची सोय आली. तिसऱ्या आवृत्तीत हेच सर्वांना आपोआप लागू करण्याचा मनोदय होता. जुन्या आज्ञावल्या मोठ्या प्रमाणावर मोडतील म्हणून तो सोडून द्यावा लागला, आणि २०२० मध्ये तिसरी आवृत्ती त्याविनाच आली. २५ डिसेंबर २०२४ च्या ३.४ आवृत्तीने मधला मार्ग काढला. ज्या फाइलवर तशी ओळ नाही तेथील मजकूर गोठलेला नाही, परंतु गार झालेला आहे. तो बदलता येतो, मात्र इशारे चालू ठेवले असतील तर इशारा मिळतो. ज्या प्रश्नावर सी भाषेला १९८९ पासून २००५ पर्यंत वाट पाहावी लागली, त्याच प्रश्नावर रुबी दशकभर अडखळत चालली आहे. दोन्हीकडे अडसर एकच : लोकांनी दोषालाच सोय मानून त्यावर घरे बांधलेली असतात.

गेली काही वर्षे द्वितीय वर्षाच्या वर्गात प्रस्तुत लेखक स्ट्रिंगचा धडा व्याख्येने सुरू करीत नाही. फळ्यावर वसई व भाईंदर अशी दोन नावे लिहून दोन्हींपासून एकाच 'ठाणे' या शब्दाकडे बाण काढले जातात आणि विद्यार्थ्यांना १ ऑगस्ट २०१४ ची नोंद करावयास सांगितले जाते. वर्गात खाडीपलीकडून येणारे बरेच असतात. पहिला विद्यार्थी बहुधा 'ठाणे' पुसून 'पालघर' लिहितो, आणि भाईंदरची मुले लगेच हरकत घेतात. मग कोणीतरी उठून 'ठाणे' पुन्हा लिहितो, 'पालघर' बाजूला लिहितो, वसईचा बाण तिकडे वळवितो, आणि जुना बाण पुसावा की कंसात ठेवावा यावर तास संपेपर्यंत वाद चालतो.